अर्धा हाजी

आमच्या सरीजू गावात हाजी पुष्कळ आहेत. मक्केला जाऊन आलेला माणूस हाजी, त्यात विशेष काही नाही; आता तर गिरणीवाला कुर्बोनसुद्धा हाजी आहे आणि पिठात कोंडा तो अजूनही मिसळतोच. अर्धा हाजी मात्र साऱ्या इस्फरा खोऱ्यात एकच, आमचा तोजिद्दीन. एकदा शिक्षण खात्याचा साहेब गावची शाळा बघायला आला. त्याने पहिलीतल्या पोरांना विचारलं, "ही शाळा कुणी बांधली?" पोरं एका सुरात म्हणाली, "अर्ध्या हाजीने." साहेब हेडमास्तरांकडे वळला आणि म्हणाला, "आणि उरलेली अर्धी कधी होणार?"

हे नाव मीच ठेवलं. मी ठेवलेली नावं टिकतात, त्याला मी काय करू. तोजिद्दीन आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. अक्षर त्याचं चांगलं, जीभ माझी लांब. सातवीनंतर तो कोलखोजच्या, म्हणजे सरकारी सामुदायिक शेतीच्या, जर्दाळूच्या बागेत लागला आणि मी ट्रॅक्टरवर. कोलखोजची बाग म्हणजे सगळ्यांची आणि कुणाचीच नाही. पण तोजिद्दीन तिच्यात असा राबायचा की जणू आजोबांनी त्याच्याच नावावर ठेवलीय. पाणी, खत, छाटणी, सगळं त्याला उत्तम कळायचं. एकाच गोष्टीत देवाने हात आखडता घेतला होता. त्याच्या हाताला गुण नव्हता.

आमच्याकडे हात दोन जातीचे, हलका आणि जड. हलक्या हाताने बांधलेलं कलम धरतं, जड हाताने बांधलेलं सुकतं. माणूस किती जाणता आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. तोजिद्दीनचा हात इतका जड की एकदा त्याने पाटाच्या कडेला वाळुंजाची काठी रोवली. वाळुंज म्हणजे बैल बांधायचा खुंट म्हणून ठोकला तरी फुटतो. तोजिद्दीनने रोवलेली काठी आठ दिवसांत वाळली. कुर्बोनने ती उपटून चुलीत घातली आणि सांगत सुटला की जळतेसुद्धा नीट नाही. जर्दाळूवाल्याचा हात जड असणं म्हणजे न्हाव्याला उचकी लागण्यासारखं.

म्हणून मोहिराचा हात हलका निघाला तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं.

मोहिरा त्याची मुलगी. आई होसियतबरोबर बागेत यायची. एका वसंतात बापाच्या हातून पट्टी सुटली, ती हिने उचलली आणि खुंटावर काडी बसवून, पट्टी गुंडाळून, वरून ओली माती थापली. खेळ म्हणून. त्या रांगेत तेवढंच कलम धरलं. पुढच्या वर्षी तिच्याकडून पाच बांधून घेतली, पाचही फुटली. मग काय, बातमीला पाय लागतात. पार गझनक गावापासून लोक गाढव घेऊन यायचे. "तोजी-अका, मुलीचा हात द्या जरा." हलक्या हाताचे पैसे घेत नाहीत, घेतले तर हात जड होतो. मोहिराला खडीसाखर मिळायची, रुमाल मिळायचे. बापाला मिळायचा मान. लोक चहाखान्यात त्याला वरच्या बाजूला बसवू लागले. कलमांचे दिवस आले की मोहिरा शाळेतून गायब, आणि ते दिवस म्हणजे नेमके वसंताचे, शाळेचे.

शाळेत तेव्हा करोमत मुअल्लिमा होत्या. मुअल्लिमा म्हणजे बाई, मास्तरीण. उंच, सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांच्यासमोर आमचा कोलखोजचा अध्यक्षसुद्धा खिशातून हात बाहेर काढायचा. मोहिरावर त्यांचा फार जीव. "ही मुलगी गणित करते तेव्हा असं वाटतं, उत्तर तिच्याकडे चालत येतंय," असं मला त्यांनी स्वतः सांगितलं होतं. मी म्हटलं, "मुअल्लिमा, माझ्यापासून तर पळून जायचं." त्या हसल्या नाहीत.

मग तो वाईट हिवाळा आला. थंडीने झाडं मारली. मेली ती वरची, कलमाची; खालचा रानटी खुंट जिवंत होता. त्याला तसंच फुटू दिलं असतं तर कडू बियांचा, आंबट, बोराएवढा जर्दाळू. साऱ्या बागेवर नव्याने कलमं बांधायची होती, आणि काडी फुगायच्या आत. सगळं गाव तोजिद्दीनकडे बघत होतं आणि तोजिद्दीन मोहिराच्या हाताकडे. ती तेव्हा चौदा वर्षांची.

त्याच दिवसांत करोमत मुअल्लिमा गुडघाभर चिखल तुडवत बागेच्या कडेला आल्या. लेनिनाबाद शहरातल्या वसतिशाळेत आमच्या शाळेला एक जागा आली होती. एकच, आणि मुलीसाठी.

"मी मोहिराचं नाव देते," त्या म्हणाल्या. "आठवड्यात निघायला लागेल. तिला विचारा आणि उद्या सांगा."

तोजिद्दीन म्हणाला, "विचारतो."

विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीशी जाऊन त्याने सांगितलं, "मुअल्लिमा, मुलगीच नाही म्हणते. रडली रात्रभर. आईला सोडून जायचं नाही म्हणते."

घरी मोहिराच्या कानावर जागेची कुणकुण आलीच होती. तिने बापाला विचारलं, "दादा, मुअल्लिमा माझ्याबद्दल काही बोलल्या?"

"जागा दुसऱ्या मुलीला दिली म्हणाल्या."

एवढंच. दोन वाक्यं, एक शाळेच्या पायरीवर आणि एक घराच्या. त्या वसंतात बागेतलं एकूण एक कलम धरलं.

मोहिरा त्यानंतर शाळेत फारशी गेली नाही. करोमत मुअल्लिमा गल्लीतून येताना दिसल्या की ती डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून भिंतीकडे तोंड करायची. मुअल्लिमा क्षणभर थांबायच्या आणि पुढे जायच्या. पुढे त्या इस्फऱ्याला मुलाकडे राहायला गेल्या. मोहिराचं लग्न गझनकला झालं. सासरचे लोक हलका हात घरात आला म्हणून खूश होते. पहिल्याच वसंतात सासऱ्याने चाकू पुढे केला, तर ती म्हणाली, "माझा हात जड झालाय." पुन्हा तिने कलमाला हात लावला नाही.

कोलखोज मोडला. जमिनी वाटल्या. तोजिद्दीनच्या वाट्याला बागेचा तोच तुकडा आला, मोहिराने बांधलेल्या झाडांचा. त्या झाडांचा जर्दाळू कसा सांगू. वाळला तरी मधासारखा, आणि बी फोडली तर बदामाला मागे सारेल. व्यापारी ट्रक घेऊन दारात येऊ लागले, माल रशियाला जाऊ लागला. तोजिद्दीनने घराला पत्रा घातला, होसियतला सोन्याचे दात बसवले. मला त्याचा आनंद. कारण तो श्रीमंत झाल्यावर चहाचे पैसे मी द्यायचे बंद केले.

मग त्याने हजला जायचं ठरवलं.

हजला निघणाऱ्याने आधी दारोदार जाऊन राजी मागायची असते. "माझ्याकडून काही चुकलं असेल, राजी व्हा." समोरच्याने म्हणायचं, "राजी, राजी." झालं. कुणी उगाच खोलात जात नाही. मेलेल्याच्या खाटेशीही हेच विचारतात आणि लोक हेच म्हणतात. गाडी माझी होती, जुनी मोस्कविच, म्हणून त्याच्याबरोबर सगळीकडे मीच. कुर्बोनच्या गिरणीवर गेलो.

"राजी," कुर्बोन म्हणाला. "पण माझं फावडं?"

"कुठलं फावडं?"

"ज्याने माझ्या पाळीचं पाणी तू तुझ्या पाटात वळवलंस ते. माझंच फावडं नेलंस माझंच पाणी चोरायला. पाण्याबद्दल राजी, फावड्याबद्दल नाही."

तोजिद्दीनने दुसऱ्या दिवशी नवा दांडा घालून फावडं परत केलं. इतका तो काटेकोर. सगळी घरं झाली. शेवटी गझनक.

थंडीचे दिवस होते. मोहिराने आम्हाला खाली निखारे ठेवलेल्या मेजाशी, पायांवर रजई ओढून बसवलं, नान मोडून पुढे ठेवला. तोजिद्दीनने नेहमीचे शब्द म्हटले.

"कशाबद्दल, दादा?" तिने विचारलं.

"सगळ्याबद्दल."

"सगळ्याबद्दल राजी म्हणजे पोतं न उघडता माल घेणं. तुम्हीच शिकवलंत, तसं घ्यायचं नाही. उघडा, मग सांगते."

तोजिद्दीनने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघतोय, ती बघतेय. "लहानपणी," तो म्हणाला, "तुला रागावलो असेन."

"लहानपणी रागावलात त्याबद्दल राजी. आणखी?"

तो नानचा तुकडा चुरत बसला. मोहिराने किटली उचलली आणि त्याचा पियाला भरला. काठोकाठ.

आमच्याकडे पाहुण्याचा पियाला अर्धाच भरतात. अर्धा म्हणजे बसा, पुन्हा भरायला मी आहे. काठोकाठ म्हणजे प्या आणि उठा. मुलीच्या हातचा भरलेला पियाला बापाने दोन्ही हातांनी धरला, थेंब न सांडता प्यायला आणि उठला. बाहेर येऊन मी म्हटलं, "चूक झाली असेल, लक्ष नसेल तिचं." तो म्हणाला, "तिचं लक्ष नाही असं कधी झालंय?"

परत येताना नदीच्या उतारात मोस्कविच रुतली. मी चाकाखाली दगड घालत होतो, तो काठावर उभा. तिथे त्याने मला ती दोन वाक्यं सांगितली, पायरीवरची. इतकी वर्षं मलासुद्धा माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मग मागे फिरू या. दगड लागलाय, गाडी निघते."

"नको."

"उद्या?"

"उद्यापण नको, खोलिक. तिला सांगितलं तर ती मला काय समजेल?"

"आणि मक्केला?"

"तिथे जाऊन काय दाखवू? कुर्बोनचं फावडं?"

हाजींची बस त्याच्याशिवाय गेली. जुन्या शाळेची भिंत तेव्हा इतकी कलली होती की पोरं पाळीपाळीने ताडपत्रीखाली बसायची. तोजिद्दीनने हजचा पैसा हेडमास्तरांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "भिंत बांधा." भिंतीवरून खोल्या झाल्या, खोल्यांवरून वर मजला. दर वर्षीचा जर्दाळू त्यात जायचा. चहाखान्यात मी म्हटलं, "मक्केचा रस्ता गझनकपर्यंत जाऊन आलाय, म्हणजे अर्धा हाजी तरी म्हणा." हसले सगळे. तोजिद्दीनही हसला, पण चहा न पिता गेला.

शाळा उघडली त्या दिवशी साहेबांनी त्याच्या अंगावर जरीचा झगा घातला. कुणीतरी त्याला विद्येचा बागवान म्हणालं. तोजिद्दीन असा उभा, जसा दुसऱ्याचा कोट चुकून घालून आलेला माणूस, आणि धनी समोर बसलेला. धनी खरंच समोर होती. बायकांच्या घोळक्यात मोहिरा उभी होती. बोला म्हणाले तेव्हा तो एवढंच बोलला, "फळं झाडांची. झाडं माझी नाहीत." लोकांना वाटलं, काय ही नम्रता. टाळ्या कडाडल्या. जितक्या टाळ्या, तितका तो झग्यात आत आत जात होता. मोहिराने टाळी वाजवली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, उत्तर चालत येतंय का ते.

त्यानंतर त्याने एक नवंच काम काढलं. वसंतात, कलमांच्या दिवसांत, तो सकाळी शाळेच्या फाटकावर स्टूल टाकून बसायला लागला. खिशात कलमाचा चाकू. कुणी बाप पोराला न्यायला आला की हा उठायचा.

"कशाला नेतोस?"

"कलमं बांधायचीत, तोजी-अका. हात कमी आहेत."

"पोर राहू दे. मी येतो. तुझी सगळी कलमं मी बांधतो."

त्याचा हात साऱ्या खोऱ्याला ठाऊक. बाप दोन पावलं मागे सरायचा. "नको, नको, तसे आहेत हात, भागेल." एकदा गझनकचा एक नवखा जावई मेहुण्याला न्यायला आला आणि हो म्हणाला. तोजिद्दीनने दिवसभर मन लावून त्याची रांग बांधली. एकही काडी फुटली नाही. त्या वर्षीपासून आमच्या शाळेतली गझनकची पोरं वसंतात सगळ्यात जास्त हजर असतात. जड हाताने इतकं पीक काढलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि तरी मी त्याला ओळखतो. फाटकावर बसलेला असताना एखादी मुलगी दप्तर घेऊन पळत आली की तो मान खाली घालायचा.

वर्षं गेली. होसियत गेली. जाण्याआधी तिने सगळ्यांची राजी मागितली, तोजिद्दीनचीही; आणि त्याने "राजी, राजी" म्हटल्यावर त्याच्याकडे बघत राहिली, जणू आता तुझी पाळी. त्याने तिची राजी मागितली नाही. हे त्यानेच मला सांगितलं, तिचं कफन आणायला जाताना.

होसियतला जाऊन वर्ष झाल्यावर त्याने पुन्हा हजला नाव दिलं. पुन्हा दारोदार. कुर्बोन तोवर हाजी होऊन आला होता. तो म्हणाला, "राजी. फावडं चांगलं चालतंय." मग पुन्हा गझनक, पुन्हा मीच चालवणारा, मोस्कविचही तीच. रस्त्यात तो खिडकीबाहेर बघत होता. मी तीन गोष्टी सांगितल्या, तिन्ही मजेदार.

जर्दाळू वाळवून झाला होता. मोहिरा अंगणात बसून बिया फोडत होती, दगडावर बी, हातात हातोडी, टक् आणि गर बाजूला. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. तोजिद्दीन तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"राजी मागायला आलोय. पोतं उघडून."

टक्. "बोला."

त्याने सांगितलं. चिखलात उभ्या मुअल्लिमा, एक जागा, शाळेची पायरी, घराची पायरी. काही सजवलं नाही, बाग वाचवायची होती असंही म्हणाला नाही. अर्ध्यावर हातोडी थांबली होती. तो गप्प झाल्यावर मोहिराने हातातली बी उगाच उलटीसुलटी करून पाहिली.

"तुमच्या तोंडून काहीतरी अडलंय, एवढं मला कळत होतं," ती म्हणाली. "हे असेल असं नव्हतं वाटलं. मुअल्लिमा हयात आहेत?"

"आहेत. इस्फऱ्याला."

"मग उठा. माझ्याआधी त्यांचं."

तिने मांडीवरची टरफलं झटकली आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. तोजिद्दीन मागे, बियांच्या पोत्याशेजारी. मी गोष्ट सांगायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "खोलिक-अमाक, आज नको."

करोमत मुअल्लिमा खिडकीपाशी बसल्या होत्या. दृष्टी अधू झालेली, चष्म्याला अजून दोरा.

"कोण आलंय?"

"मोहिरा. सरीजूची."

"भिंतीकडे तोंड करणारी?"

"तीच."

"मग आज कशी वाट चुकलीस?"

मोहिराने बापाकडे पाहिलं. एकाच दिवसात त्याला तेच सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते पहिल्यापेक्षा लहान आणि जास्त वाईट वाटलं. मुअल्लिमा ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "मला वाटायचं, मी असं बागेच्या कडेला, चिखलात उभं राहून विचारलं, म्हणून मुलगी बिचकली. घरी यायला हवं होतं, आईपाशी बसायला हवं होतं. माझंच चुकलं म्हणून नंतर कितीतरी वर्षं सरीजूच्या मुलीचं नाव मी पुढे केलंच नाही. म्हटलं, तिथल्या मुलींना जायचं नसतं."

तोजिद्दीनला हे माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण एकाच मुलीची जागा घालवली. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि त्या टोपीकडेच बघत राहिला.

"आणि तू?" मुअल्लिमांनी मोहिराला विचारलं. "गेली असतीस का गं?"

मोहिरा म्हणाली, "कोण जाणे. आईच्या छातीत दुखायचं तेव्हा. बाग मेली होती. मला कलमं बांधायला आवडायचं, मुअल्लिमा, खोटं कशाला बोलू. कदाचित मीच नाही म्हटलं असतं." मग बापाकडे न बघता म्हणाली, "पण मला विचारायला हवं होतं. मी काय म्हटलं असतं हे आता मलाही कळायचं नाही."

तोजिद्दीन म्हणाला, "त्याची काय भरपाई असते, मला ठाऊक नाही." आवाज असा की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

चहा आला. वयाने लहान तीच, म्हणून पियाले मोहिरा भरणार. मुअल्लिमांना अर्धा दिला. मला अर्धा. बापाचा पियाला हातात घेऊन ती थांबली, मग किटली वाकवली आणि अर्ध्यावर उचलली.

"अर्धी राजी आहे, दादा."

त्याने पियाला घेतला. "आणि अर्धी?"

"ती माझ्याजवळ राहू दे. ती दिली की तुम्ही फाटकावर बसायचे नाही."

मुअल्लिमा हसल्या, त्यांना हसताना मी आयुष्यात प्रथम पाहिलं. "मुलीचं गणित पक्कं आहे," त्या म्हणाल्या. "माझीही अर्धीच लिही."

मी म्हटलं, "वा, दोन अर्ध्या मिळून एक झाली. तोजिद्दीन, जा मक्केला."

"खोलिक," तो म्हणाला, "तू सातवीतही अपूर्णांकातच नापास झालास."

गेला नाही. त्या पैशाचं मुलींचं वसतिगृह झालं, वरच्या वाड्यांवरच्या मुलींना वसंतात घरी राहावं लागू नये म्हणून. त्याला पुन्हा झगा देऊ लागले तेव्हा त्याने तो मुअल्लिमांच्या घरी पाठवला, आणि मुअल्लिमांनी उशीवर घातला म्हणतात.

परवाची गोष्ट. कलमांचे दिवस. माझाच मुलगा माझ्या नातीला न्यायला फाटकावर गेला. हात तिचा हलका आहे, कुणावर गेलीय देव जाणे. मी मागून काठी टेकत पोचलो तोवर तोजिद्दीन खिशातला चाकू काढून उभा होता आणि मुलगा मागे सरकत होता. पण आता तोजिद्दीन तेवढ्यावर थांबत नाही. तो मुलीपुढे वाकतो, गुडघे दुखतात तरी वाकतो.

"तू सांग, बेटा. वर्गात की बागेत?"

नात म्हणाली, "आता गणिताचा तास आहे, म्हणून बागेत."

तोजिद्दीन वाकलेलाच राहिला. विचारलं होतं, आता उत्तर आलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझी जीभ दाताखाली धरली, आयुष्यात एकदाच. शेवटी तो कण्हत सरळ झाला, चाकू मिटून तिच्या हातात दिला आणि शाळेत गणिताच्या मास्तरांना विचारायला गेला, तास दुपारी घेता येईल का म्हणून.